श्रद्धा तपासायला घेतली तर ती उरेल का?

प्रश्न : माझं वय ३६. ठाण्यात राहते, नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि देव्हारा, कुळाचार, नवरात्रातले घट, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, पाळीच्या दिवसांत देवाला न शिवणं, हे सगळं माझ्याकडे आलं. मी करते, पण मन त्यात नसतं. यातलं मला स्वतःला काय पटतं ते एकदा नीट बघावंसं वाटतं. पण बघायला गेले आणि काहीच उरलं नाही तर? शिवाय एखादी गोष्ट सोडली आणि घरावर काही आलं तर ते माझ्यामुळे, ही धास्ती जात नाही. नवरा म्हणतो, "नको वाटतं तर सोडून दे." आठ वर्षांची मुलगी परवा विचारत होती, "आई, देव रागावतो का?" मला उत्तर देता आलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, "करते, पण मन त्यात नसतं" हे तुम्ही लिहिलंत तिथेच सुरुवात झाली. हे स्वतःशी कबूल करायला मला पन्नाशी गाठावी लागली होती.

मी साताऱ्याची. माझ्या घरी गेली २७ वर्षं दर बुधवारी दुपारी ज्ञानेश्वरीचा अभ्यासवर्ग भरतो. ओवीचा अर्थ बायका सगळ्यांसमोर विचारतात. तुम्ही विचारलंत ते मात्र वर्ग सुटल्यावर, पायात चपला सरकवताना, बाकीच्या जिना उतरल्या की हळूच विचारतात. "अमुक राहिलं हो माझ्याकडून, काही होईल का?" म्हणून आधी एवढंच सांगते, की ही धास्ती तुमच्या एकटीची नाही. आणि ती वाटते म्हणजे तुमची श्रद्धा कच्ची, असंही नाही.

तपासणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या वर्गातल्या चौरंगावर ठेवलेलं आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं लोक ती हाताने उतरवून घेत राहिले. उतरवताना डोळा चुकतो. जुना शब्द कळत नाही म्हणून ओळखीचा घातला जातो. कुणाला भक्तीचा उमाळा येतो आणि तो स्वतःची ओवी मध्ये सरकवतो. त्यातलं कुणीच वाईट बुद्धीने करत नाही. १५८४ साली पैठणला, गोदावरीच्या काठी, एकनाथ महाराजांनी हा पाठ शोधून शुद्ध केला. शेवटी त्यांनी लिहून ठेवलं आहे की ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरात, म्हणजे पाठ बदलत गेल्याने, तो अबद्ध, अशुद्ध झाला, म्हणून हे काम करावं लागलं. आणि ते आपण कसं केलं, तर "अत्यादरें". हा शब्द मी वर्गात दरवर्षी भाद्रपदात, ज्ञानेश्वरी जयंतीला, दोनदा म्हणून घेते.

नाथांच्या जागी बसून बघा. समोर माउलींचा ग्रंथ आहे, हातात लेखणी आहे, आणि एखादी ओवी माउलींची नव्हे असं ठरवून बाजूला काढायची आहे. केवढं धाडस! पण आदर नसता तर एवढा खटाटोप कुणी केला असता? ज्याला त्या ग्रंथाचं सोयरसुतक नाही, त्याला कुठली ओवी खरी आणि कुठली मागाहून घुसलेली याच्याशी काय करायचं आहे?

तुमच्या सासूबाईंकडून तुमच्यापर्यंत आलं ते अशीच हाताने उतरवत आणलेली प्रत आहे. त्यांनी त्यांच्या सासूबाईंची उतरवली, त्यांनी आणखी कुणाची. मध्ये कुणाची माया शिरली, कुणाची हौस शिरली, कुणाच्या घरात एक मूल दगावलं त्यानंतरचा एखादा नियम शिरला. तो नियम पुढे आला, त्यामागचं मूल कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आता ती प्रत तुमच्या हातात आहे. ती मुकाट्याने तशीच पुढे द्यायची नाही आणि रद्दीतही घालायची नाही. ती शोधायची.

कशी शोधायची? मी सांगते ते कुठल्या पोथीतलं नाही, मी केलं आणि वर्गातल्या काहींनी केलं, एवढंच त्याला प्रमाण.

सण नाही, पाहुणे नाहीत असा एखादा रविवार बघा आणि देव्हारा उतरवा. सगळे देव ताम्हणात घ्या, पितळेला चिंच लावा, टाक मऊ फडक्याने पुसा. एरवी आपण हे काम दिवाळीच्या घाईत उरकतो. या वेळी एकेक मूर्ती हातात धरून थांबा. ही कुणी आणली, कधी आणली, घरात तेव्हा काय चाललं होतं?

माझ्या देव्हाऱ्यात १९ वस्तू निघाल्या. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण माझ्या लग्नात माहेरून आलेले. भवानीचा आणि खंडोबाचा टाक सासरचा. एक टाक पूर्वजाचा, इतका झिजलेला की त्यावर नाक-डोळे काही उरले नव्हते, बोट फिरवलं तर नुसता गुळगुळीत पत्रा. तीन गणपती वास्तुशांतीत भेट आलेले. आणि मागच्या बाजूला, काचेच्या चौकटीत, एका बाबांचा फोटो. यांच्या दुकानाला खोट आली तेव्हा एका ओळखीच्यांनी तो आणून दिला होता आणि जाताना सांगून गेले होते, "लावलात तर काढू नका, काढला त्यांचं फार वाईट झालंय." वीस वर्षं मी त्या काचेला रोज गंध लावत होते. त्या दिवशी तो हातात घेतला आणि पोटात गोळा आला. मग अन्नपूर्णा घेतली. तिच्या पाठीला एक बारीकसा पोचा आहे. माझी आई तिला घासताना नेमका तिथे अंगठा टेकवायची. माझाही अंगठा आपसूक तिथे गेला.

दोन्ही वस्तू एकाच देव्हाऱ्यात होत्या, रोज एकाच पाण्याने पुसल्या जात होत्या, आणि दोन्हीला मी "श्रद्धा" म्हणत होते. एक मायेतून आलेली, एक धाकातून आलेली. हात लावल्याशिवाय हा फरक मला कळला नव्हता.

देव झाले की मग वही घ्या आणि पाळणुकींचं तसंच करा. प्रत्येक व्रत, उपास, नियम लिहा. कुणी सांगितला, करताना मला काय वाटतं, आणि नाही केला तर काय होईल असं मला वाटतं. या शेवटच्या प्रश्नाशी हात थांबतो. थांबला तरी लिहा, आणि पूर्ण वाक्य लिहा. "काहीतरी होईल" असं लिहू नका. "मी संकष्टी सोडली तर माझ्या मुलीला काही होईल" असं जे मनात असेल ते तसंच. भीती पोटात असते तोवर तिला आकार नसतो. कागदावर आली की तिच्याकडे बघता येतं.

माझ्या वहीतलं एक वाक्य सांगते, कारण तुमच्या धास्तीचं उत्तर मला त्यातून मिळालं. २०१० च्या नवरात्रात हे दवाखान्यात होते. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. घट बसवायला घरी कुणी नव्हतं, मी त्यांच्याजवळ होते. पुढच्या फेब्रुवारीत हे गेले. तेराव्याला नात्यातल्या एक बाई माझ्याशेजारी बसून सहज म्हणाल्या, "घट बसले नव्हते ना गं औंदा." त्यांच्या मनात काही नसेलही. पण ते वाक्य मी अडीच वर्षं पोटात घेऊन फिरले. बुधवारी ज्ञानेश्वरी सांगत होते आणि रात्री ते वाक्य उकरत होते. शेवटी वहीत लिहिलं : "घट बसले नाहीत म्हणून हे गेले."

लिहिल्यावर त्याखाली मला ठाऊक असलेलं मांडत गेले. आजार सहा वर्षांचा होता. त्यातली पाच वर्षं घट बसले होते आणि आजार वाढतच गेला होता. ज्या बाईंनी ते म्हटलं त्यांच्या घरी घट कधीच चुकले नव्हते, आणि त्यांना बत्तिसाव्या वर्षी वैधव्य आलं होतं. एवढ्याने बुद्धीचं समाधान झालं. पण ताई, ही भीती बुद्धीने जात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, नाहीतर तुम्ही विचारलंच नसतं.

ती गेली दुसऱ्याच एका प्रश्नाने. हे वाक्य खरं असेल तर देवी कशी असली पाहिजे? मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर त्यांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन बसले होते, तेव्हा ती माझ्या घरी न चढलेल्या माळा मोजत बसली असली पाहिजे. जिला मी आई म्हणून हाक मारते ती अशी आहे, असं मला वाटतं का? नाही. कधीच वाटलं नव्हतं. म्हणजे माझ्या तोंडी एक देवी होती आणि पोटात दुसरीच. आरतीत मायाळू, धास्तीत खुनशी. दोघींची पूजा मी एकाच टाकावर करत होते.

तपासण्याने श्रद्धा जाते की राहते, ही पंचाईत बाजूला ठेवा. तपासल्यावर पहिल्यांदा दिसतं ते हे, की आपल्या आत किती देव बसलेत आणि त्यातले कुठले एकमेकांना खोटं पाडतात. माझ्या अनुभवात परमार्थातली वाढ तिथून सुरू झाली. उपास वाढवून नाही.

आता तुमच्या गुरुवारांकडे येते. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पोथी तुम्ही दरवर्षी वाचत असाल. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, त्यांची मुलगी शामबाला. आपण ती कशी वाचतो? कलश मांडलेला असतो, बाहेर बायका हळदीकुंकवाला येणार असतात, लक्ष फलश्रुतीवर असतं. व्रत केलं तर वैभव, टाकलं तर दारिद्र्य. आपल्या बहुतेक कहाण्यांना असा धाक शेवटी बांधलेला आहे. सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद न घेता उठली म्हणून कलावतीचा नवरा नावेसकट दिसेनासा होतो, तेही त्याच जातीचं. लहानपणी ऐकलेला हा धाक पुढे आयुष्यभर कानात राहतो.

हे गेल्यानंतरच्या मार्गशीर्षात मी काही घरी कलश मांडला नव्हता. आमच्या इमारतीत शेवटच्या गुरुवारी एकीने सगळ्यांना बोलावलं होतं. आवाज ऐकू येत होते, म्हणून मीही गेले, रोजची येजा होती. तिने दार उघडलं. हातात कुंकवाचा करंडा होता. तो तिने नकळत मागे घेतला आणि दारातच माझ्याशी दोन मिनिटं गोड बोलली. आत ये म्हणाली नाही. मी वर आले आणि का कोण जाणे, तीच पोथी काढून वाचली. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला दिसलं की त्या कहाणीत लक्ष्मी कशी येते. ती म्हातारीच्या रूपात येते. फाटकी, काठी टेकत. राजवाड्याच्या दाराशी उभी राहते, आणि राणी तिला हाकलून देते. राणीचं वैभव जातं ते इथे. शामबाला त्या म्हातारीची क्षमा मागते, आणि व्रत तिला मिळतं.

म्हणजे ज्या व्रताच्या दिवशी मला दाराशी थांबवलं, त्या व्रताची कहाणीच मुळी दाराशी थांबवलेल्या म्हातारीची आहे. कहाणी खोटी म्हणून टाकून द्यावी असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट ती प्रथमच माझी झाली. पुढच्या वर्षी मी कलश मांडला. एकटीने. आणि शेवटच्या गुरुवारी जिन्यातल्या, गल्लीतल्या, कुणी कधी बोलावत नाही अशा सगळ्यांना बोलावलं. सात जणी आल्या. एकजण कपाळ पुढे करताना थरथरत होती. वाण म्हणून मी प्रत्येकीला एकेक संत्रं दिलं.

हे मी केलं म्हणून फार मोठं काही झालं नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने तर ठरावच केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं आपल्या गावात बंद. एका अख्ख्या गावाने बसून स्वतःची एक रूढी तपासली. मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

तुम्ही पाळीच्या दिवसांबद्दल विचारलंत. यावर मी थोडक्यात बोलते, कारण इथे माझ्या मनात शंका उरलेली नाही. चोखोबांची बायको सोयराबाई. तिच्या अभंगात ती विचारते, "विटाळावांचूनी उत्पत्तीचें स्थान । कोण देह निर्माण नाहीं जगीं ॥" ज्याला विटाळ म्हणता त्याच्यावाचून कुठला देह जन्माला आला? हे ती चौदाव्या शतकात विचारते, आणि ज्या बाईच्या जातीलाच विटाळ म्हटलं जात होतं तिने ते विचारलं आहे. माझ्या सुनेला मी सांगितलंय, दमली असशील तर पड, पण देव बाटतो म्हणून बाहेर बसू नकोस. आमच्या घरी हा नियम २०१४ पासून नाही. तुम्हाला तो मोडवत नसेल तर इतक्यात मोडू नका. फक्त वहीत लिहा, की न शिवण्याने मला देवाजवळ गेल्यासारखं वाटतं की दूर लोटल्यासारखं.

हे सगळं खाजगी आहे, आपापल्या देव्हाऱ्यापुरतं आहे, असं कधी वाटलं तर पंढरपूर आठवावं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाबाहेर. त्यांचे अभंग म्हणत शतकानुशतकं दिंड्या आत जात राहिल्या, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना आत पाऊल टाकता येत नव्हतं. गाणाऱ्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण आपण काय गातो आणि काय पाळतो हे शेजारी शेजारी ठेवून कुणी बघत नव्हतं. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना त्यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा ते दार उघडलं. माझं माहेर माळकरी आहे. १९४७ पूर्वी वाऱ्या केलेली माणसं आमच्या घरात होती, फार सज्जन माणसं. त्यांच्याबद्दलचा हा सल माझ्या मनातून जात नाही.

आता तुमच्या "मन त्यात नसतं" कडे परत येते, कारण ते ऐकून तुमचा नवरा म्हणतो तसं "सोड" म्हणणं सोपं आहे आणि मी ते म्हणणार नाही. तुकाराम महाराजांचा एक अभंग आहे, त्यात त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली आहे. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करीत गेली. मग पडलेलं देऊळ बांधावंसं वाटलं. आणि पुढे म्हणतात, "आरंभी कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥" बघा, तुकोबा सांगताहेत की आधी माझं चित्त त्यात नव्हतं. तुमचंच वाक्य आहे हे. मग त्यांनी संतांची वचनं पाठ केली, विश्वासाने आणि आदराने. आणि त्याच अभंगात पुढे येतं, "सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥"

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी केलं, मन नसतानाही केलं, आदराने केलं. त्या करण्यात मन हळूहळू तयार झालं. आणि मग त्या तयार झालेल्या मनाला साक्षीला बोलावलं. बहुमत काय म्हणतं ते बाजूला ठेवलं. पहिल्याच दिवशी कंटाळलेल्या मनाला साक्षीदार केलं असतं तर त्याने एकादशीचं कीर्तन सोडायला सांगितलं असतं. म्हणून मी म्हणते, जे तपासायचं ते आधी एक वर्ष पुरतं करून बघा, समजून करा, आणि एका वेळी एकच गोष्ट घ्या. सासूबाईंच्या जाण्याला दोन वर्षं झालीत, ते बरं आहे. दुःख ताजं असताना, घरात आजारपण असताना किंवा नवऱ्याशी वाद झालेला असताना काहीही सोडू नये आणि काहीही नवीन धरूही नये. तेव्हा मन साक्ष देत नाही, नुसतं ओरडतं.

आणि सोडायचं ठरलंच तर चोरून सोडू नका. "या महिन्यात राहूनच गेलं" असं करत करत सोडलं की ती गोष्ट कायमची टोचत राहते. देवासमोर बसून सांगून सोडा. बाबांचा तो फोटो मी काढला तेव्हा हात जोडून म्हणाले, "तुमच्याबद्दल माझं वाकडं नाही, पण तुमच्या भीतीने मी गंध लावत होते, ती पूजा नव्हती." त्या चौकटीत आता माझ्या आईबाबांची तसबीर आहे, अन्नपूर्णेच्या पाठीमागे टेकवून उभी केलेली. त्याला बारा वर्षं झाली.

नवस मी पूर्ण सोडला. "नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥" हे तुकोबांनी इतकं सरळ सांगितलेलं असताना मी पन्नास वर्षं देवाशी सौदे करत होते. एकादशी मात्र राहिली, आणि ती बदलली. पूर्वी साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी असं रांधण्यात सकाळ जायची. आता फळं आणि दूध, आणि वाचलेला वेळ हरिपाठाला. घट बसवते. न बसवण्याची भीती गेल्यावर बसवायला फार आवडू लागलं. नऊ दिवसांत धान्य कसं तटतटून वर येतं ते मी आता बघत बसते, तेव्हा कधी बघितलंच नव्हतं.

दोन गोष्टी अधिकच्या सांगते. हात पुन्हापुन्हा धुणं, जप मोजण्यात चूक झाली म्हणून परत पहिल्यापासून सुरू करणं, पूजा तासन्‌तास न संपणं, मनात देवाबद्दल घाण विचार येतात म्हणून रडणं, असं कुणाचं होत असेल तर तिथे माझी वही चालणार नाही. त्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. तो आजार आहे आणि त्यावर औषधोपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. माझ्या वर्गातल्या एकीला मी आठ महिने नामस्मरण वाढवायला सांगत होते. तिचा आजार त्याने वाढला. मला वेळेवर कळायला हवं होतं.

दुसरी गोष्ट तुमच्या यजमानांची. "सोडून दे" असं ते म्हणतात, पण घट बसवण्याआधी पहाटे उठून माती, सप्तधान्य कोण आणतं, दिव्यातलं तेल रात्री कोण बघतं? ज्याने कधी केलंच नाही त्याचं सोडणं म्हणजे तपासून सोडणं नव्हे. न मानणंही कुठून तरी उतरवून घेतलेलं असू शकतं, मित्रांकडून, वडिलांकडून. त्यांना टोमणा मारू नका. त्या रविवारी चिंच लावायला त्यांनाही बसवा. त्यांच्या आईच्या हातचे देव आहेत ते. माझा मुलगा असाच होता. खंडोबाचा टाक हातात आल्यावर त्याला त्याच्या आजोबांनी खांद्यावर बसवून जेजुरीचा गड चढवलेला आठवला, आणि तो तासभर बोलत राहिला. तो अजूनही पूजा करत नाही. पण तो टाक पुसायचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय.

राहिली तुमची मुलगी. "देव रागावतो का?" याला तुम्ही खरं असेल तेच उत्तर द्या. "मलाही हाच प्रश्न पडलाय, मी शोधतेय. मला वाटतं, नाही रागावत." आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. आईने शोधायला हरकत नाही, हेही तिला त्यातून कळतं. फक्त तिने काही चुकवलं की "देव बघतोय हं" हे घरात कुणी म्हणू नये. तुमच्यात आणि माझ्यात तो धाक तिथूनच आला.

तिलाही घासायला बसवा. ती प्रत्येक मूर्ती उचलून "हा कोण, ही कुणाची" विचारेल, आणि निम्म्यांची उत्तरं तुम्हाला येणार नाहीत. म्हणून त्या रविवारच्या आधी सासरच्या सगळ्यांत वयस्कर माणसाला फोन करा, आत्याबाई असतील, चुलत सासूबाई असतील. दुपारी निवांत वेळ बघून करा आणि सगळं लिहून घ्या. मी हे केलं नाही. सासूबाई असेपर्यंत विचारायचं सुचलं नाही, आणि त्या झिजलेल्या टाकावरचा पूर्वज कोण होता, हे सांगणारं आमच्या घरात आता कुणीच उरलेलं नाही.